मारवा, पूरिया, सोहनी: रंगांच्या कामाची वही

९ जानेवारी

काम ठरलं. तासाभराचं सादरीकरण, त्यात तीन राग: मारवा, पूरिया आणि सोहनी. गायिका, दोन तानपुरे, तबला, हार्मोनियम. मागे रंगमंचाच्या पूर्ण रुंदीचा पडदा आणि त्यावर प्रोजेक्टर, बाजूंना आणि जमिनीलगत एलईडी दिवे. पडद्यावरच्या रंगांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे, दिवे सहकारी मैत्रिणीकडे.

राग मुद्दाम असे निवडले आहेत. तिन्हींचे स्वर तेच: सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी. पंचम तिन्हींत वर्ज्य. नुसते स्वर कागदावर मांडून दिले तर राग कोणता ते सांगता येणार नाही, आणि गायला सुरुवात झाली की दोन-तीन स्वरसंगतींत कळतं. मारव्यात कोमल रे आणि ध यांचा अंमल, षड्ज (सा) टाळत टाळत पुढे जाणं. पूरिया मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरतो आणि ग-नी धरून बसतो. सोहनीचा सगळा ओढा वर, तार षड्जाकडे (वरच्या सप्तकातल्या सा कडे). रंगांनी भावना खरंच गडद होते की मागे नुसती रोषणाई होते, याची परीक्षा इथे चोख होईल. या तिघांतला फरक रंगात उतरला नाही तर रंगांना गाण्यातलं काही कळलंच नाही म्हणायचं.

ताईंनी (आमच्या गायिका) एकच अट घातली. "मागे काय हवं ते करा रे, पण माझ्या आधी काही हलायला नको."

१३ जानेवारी

जुने प्रयत्न वाचून काढतोय. स्वराला रंग चिकटवण्याची हौस फार जुनी. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये वर्णपटाचे सात भाग पाडले आणि त्यांची रुंदी सप्तकातल्या अंतरांशी जुळवली. लुई-बेर्त्रां कास्तेल या फ्रेंच जेझुइटाने १७२५ मध्ये डोळ्यांच्या हार्पसिकॉर्डची कल्पना मांडली: पट्टी दाबली की रंग दिसावा. १८९३ मध्ये अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टनने रंगांच्या ऑर्गनचं पेटंट घेतलं. मग रशियन संगीतकार स्क्रियाबिन. त्याच्या १९१० च्या 'प्रोमिथियस'च्या स्वरलेखनात इतर वाद्यांच्या ओळींबरोबर प्रकाशाची स्वतंत्र ओळ आहे.

गंमत अशी की स्क्रियाबिन आणि दुसरा रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह, दोघेही स्वरांत रंग पाहणारे, आणि दोघांचं जमत नाही. डी मेजर (एक पाश्चात्त्य स्वरपट्टी) दोघांनाही पिवळा. सी मेजर मात्र एकाला लाल, दुसऱ्याला पांढरा. एकाच देशातले, एकाच परंपरेतले दोन कान आणि तक्ते वेगळे.

आपल्याकडे शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त स्वरांचे वर्ण दिले आहेत. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंजर (तांबूस-पिवळा), गांधार सोन्याचा, मध्यम कुंदासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा, निषाद कर्बुर म्हणजे मिश्र. वाचायला सुंदर आहे आणि वापरायचा मोह होतो. पण त्याचं शुद्ध स्वरांचं सप्तक आजच्या बिलावलाच्या (सगळे स्वर शुद्ध असलेल्या) सप्तकासारखं नाही, त्यामुळे त्याचा गांधार आजच्या गांधारावर चिकटवणं हीच मुळात ओढाताण.

तक्ता कुणाचाही घ्या, आमच्या कामात तो पहिल्याच पायरीवर अडतो. तीन रागांचे स्वर तेच, तर रंगही तेच येणार. मारवा, पूरिया आणि सोहनी तिघंही एकाच सहा रंगांच्या पेटीतून बाहेर पडतील. तक्ते बाद.

१४ जानेवारी

कालच्यात भर. न्यूटनसारखी थेट कंपनसंख्या घेऊन रंग काढायचा, तर आमचा षड्जच ठरलेला नाही. तो गळ्याप्रमाणे ठरतो. ताईंचा सा आणि एखाद्या पुरुष गायकाचा सा यांत चार-पाच स्वरांचं अंतर सहज असतं, म्हणून राग काही निळ्याचा लाल होत नाही. जे काही मोजायचं ते त्या दिवशीच्या षड्जापासून मोजायचं.

स्क्रियाबिनची एक गोष्ट मात्र उचलायची. त्याच्या प्रकाशाच्या ओळीत दोन भाग आहेत. एक भाग स्वरमेळाबरोबर पटापट बदलतो. दुसरा एकेक रंग पुष्कळ वेळ धरून ठेवतो आणि संपूर्ण रचनेत मोजक्याच वेळा सरकतो. बोलबाला पहिल्याचा झाला. आमच्या उपयोगाचा दुसरा.

२१ जानेवारी

स्वर आणि रंग यांचा थेट धागा नसेल तर मधे काय आहे? नाट्यशास्त्राचं उत्तर: रस. सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला वर्ण दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोत म्हणजे पारव्याचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स नीळ, अद्भुत पिवळा. इथे स्वराचा संबंध नाही. मनाची जी अवस्था होते तिला रंग आहे.

मग २०१३ सालचं एक संशोधन सापडलं. स्टीफन पामर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि मेक्सिको इथल्या लोकांना बाख, मोझार्ट आणि ब्राम्स यांचे तुकडे ऐकवले आणि प्रत्येकासाठी रंग निवडायला सांगितले. जलद आणि मेजर सप्तकातल्या संगीताला लोकांनी उजळ, ठसठशीत, पिवळ्याकडे झुकणारे रंग दिले. संथ आणि मायनरमधल्या संगीताला मंद, अंधारे, निळसर. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची: निवडलेल्या रंगाचा आनंदी-दुःखीपणा आणि त्या संगीताचा आनंदी-दुःखीपणा एकमेकांशी घट्ट जुळत होते. म्हणजे लोक आवाजाला रंग देत नव्हते, मनात जे उमटलं त्याला देत होते.

करुणाचा पारवा रंग आणि संथ मायनरचा मंद, निळसर रंग जवळजवळ आहेत खरे. त्यावरून 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणायची घाई नको. त्याच यादीत बीभत्साला नीळ दिली आहे, आणि आजच्या प्रेक्षकाला निळ्या पडद्यात किळस दिसणार नाही. यादी जशीच्या तशी घ्यायची नाही. मधला दुवा घ्यायचा.

पारवा रंग मात्र डोक्यात बसलाय. नुसता करडा नव्हे. पारव्याच्या मानेवर असते तशी जांभळी-हिरवी झाक हवी, जी फक्त कोन बदलला की दिसते. पूरियासाठी राखून ठेवतो.

२८ जानेवारी

रागमाला चित्रं. मेवाडच्या चावंडची १६०५ ची मालिका, पहाडी मालिका, दख्खनी चित्रं, सगळं छापील आणि पडद्यावर पाहिलं. या चित्रकारांनीही स्वर रंगवले नाहीत. तोडीला वीणा घेतलेली नायिका आणि भोवती हरणं, आसावरीला सापांमध्ये बसलेली स्त्री, ललितला पहाटे निघून जाणारा प्रियकर. रागाचा एखादा क्षण नाही, रागाने उभी राहणारी अख्खी परिस्थिती एका चित्रात. मेवाडच्या चित्रांत मागचे सपाट लाल-पिवळे पट्टे इतके ठाम आहेत की आकृत्या झाकल्या तरी चित्र बरंचसं शिल्लक राहतं.

यावरून आमच्यात आज बरीच वादावादी झाली. मैत्रिणीचं म्हणणं, मारव्याच्या वेळी मावळतीचं आकाश दाखवू, लोकांना आधार मिळेल. माझा विरोध. मारवा ऐकताना कुणाला मावळती आठवेल, कुणाला निरोप, कुणाला नुसती अस्वस्थता. पडद्यावर सूर्य बुडवला की सगळ्यांना एकच गोष्ट दिसणार, आणि ती ऐकण्याआधी दिसणार. रागमालेतलं चित्र माणूस हातात धरून, गाणं चालू नसताना, हवा तेवढा वेळ पाही. आमचा पडदा गाण्याच्या पाठीमागे उभा आहे. त्यावर गोष्ट आली की गाणं तिचं पार्श्वसंगीत होऊन बसतं.

ठरलं: आकृती नाही, आकाश नाही, चंद्र-ढग-पाणी काही नाही. सपाट, मोठी रंगक्षेत्रं. ती वर-खाली सरकतील, उजळतील, मावळतील, एवढंच.

३ फेब्रुवारी

आवाज सॉफ्टवेअरमध्ये घेतला. स्वर ओळखायला यिन नावाची पद्धत वापरतोय, २००२ ची, एका वेळी एकच स्वर असेल तर भरवशाची. तानपुरा सुरू झाला की तिचा गोंधळ उडतो, कारण जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) तारेतून वरच्या स्वरांचा थवाच बाहेर पडतो. ताईंच्या गळ्याजवळचा स्वतंत्र मायक्रोफोन हाच उपाय. हार्मोनियम तरीही थोडी डोकावते.

उशिराचा हिशोब करून पाहिला. सेकंदाला ४४,१०० नमुने, त्यातले २,०४८ एकत्र घेतले की ४६ मिलिसेकंद तिथेच गेले. त्यावर गणित, त्यावर प्रोजेक्टरचा स्वतःचा उशीर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणाविषयीच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला विसंगती जाणवू लागते. आवाज मागे राहिला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत आपण चालवून घेतो. साहजिक आहे, विजेनंतर गडगडाट ऐकायची सवय असते. आमच्याकडे नेमकं उलटं: स्वर आधी, रंग मागाहून. शिवाय आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर मागच्या रांगेत तो ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. पहिल्या रांगेला जे मागे पडलेलं दिसेल ते शेवटच्या रांगेला बरोबर वाटेल.

निष्कर्ष: प्रत्येक स्वराला पडद्यावर हजेरी लावायची नाही. रंगाचा बदल पाच-दहा सेकंद चालणारा असेल तर हे सगळे मिलिसेकंद निरर्थक होतात. तंत्राची मर्यादा आणि संगीताची गरज एकाच बाजूला पडल्या, असं फार क्वचित होतं.

मींडेनेही (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यानेही) हाच कौल दिला. स्वराप्रमाणे रंग लावून ताईंची जुनी ध्वनिफीत चालवून पाहिली: तीव्र मध्यमावरून गांधारावर सावकाश उतरताना दोन रंगांच्या सीमेवर नुसतं लुकलुकत होतं. कानाला जिथे अखंड घसरण, तिथे डोळ्याला खटके.

७ फेब्रुवारी

मग मोजायचं काय? चार गोष्टी ठरवल्या. गळा सध्या कोणत्या सप्तकात फिरतोय, त्याची मागच्या काही सेकंदांची सरासरी. स्वरांची दाटी. आवाजाची पातळी. आणि चौथी, जिच्यावर सगळं उभं आहे: गळ्यातून षड्ज शेवटचा कधी लागला आणि त्यावर किती थांबणं झालं.

मारव्याचा जीव या चौथ्या गोष्टीत आहे. तानपुरा सा देतच असतो (पंचम वर्ज्य म्हणून पहिली तार निषादात), पण गळा रे आणि ध यांच्यातच घुटमळतो, नी-रे करत षड्जाला वळसा घालतो. ऐकणाऱ्याला जमीन ऐकू येते आणि पाय टेकवू दिला जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये या चलाचं (बदलत्या आकड्याचं) नाव 'तहान' ठेवलंय. षड्ज लागत नाही तोवर वाढते, षड्जावर न्यास झाला (थांबून विसावलं) की उतरते. ओझरता सा लागला तर थोडीच उतरते.

११ फेब्रुवारी

ताईंसोबत पहिली बैठक. तहान वाढली की पडद्याचा रंग हळूहळू राखाडी-तांबड्याकडे घट्ट होत जाई, आणि षड्ज लागला की उजळून निघे. मला ते परिणामकारक वाटत होतं. ताईंनी आलाप थांबवला.

"सा लागला की सगळं थांबतं. तू तर नेमका तिथेच सगळं पेटवतोस."

"पण ताई, सुटका झाल्यासारखं वाटायला हवं ना?"

"सुटका झाली की माणूस ओरडतो का? गप्प बसतो."

लगेच बदलून पाहिलं. आता तहान वाढते तशी पडद्यात बारीक हालचाल वाढते: क्षेत्राची कड किंचित सरकत राहते, रंग एका जागी ठरत नाही. षड्जावर सगळं स्थिर. रंग बदलत नाही, उजळत नाही, नुसता थांबतो. इतका छोटा बदल, आणि बैठकीत तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीने न विचारता सांगितलं की मघाशी तिला श्वास सोडल्यासारखं झालं.

तेच चल पूरियात आणि सोहनीत आपोआप वेगळं वागतं, हे आजचं खरं फळ. पूरियात गळा मंद्रात नी-रे-सा करत पुन्हा पुन्हा टेकतो, तहान फार चढतच नाही, त्यामुळे पडदा जड आणि शांत राहतो. सोहनीत तार षड्ज उघड उघड, ठासून लागतो. तहान चढते आणि झटकन उतरते. सहा स्वर तेच, सॉफ्टवेअर एकच, एकही रंग अजून वेगळा निवडलेला नाही, आणि तीन राग पडद्यावर तीन वेगळ्या स्वभावांचे दिसले.

१८ फेब्रुवारी

समेचा (तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा) प्रश्न. मारव्याचा ख्याल विलंबित (संथ) एकतालात. मात्रेला चार सेकंद धरले तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. एवढ्या लयीत सम आपोआप ओळखणं सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर. तबलावादक मात्रा भरतात, लय किंचित मागे-पुढे होते. म्हणून एक माणूस बसवायचा, ज्याला ताल कळतो आणि जो कळ दाबेल. स्वयंचलनाच्या हौशीपायी ज्ञान असलेला माणूस बाजूला करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

तबलावादकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की समेवर दिवा लागला तर ते उठून जातील. थट्टेत म्हणाले, पण मुद्दा बरोबर आहे. सम ही यायची जागा आहे. तिच्यावर काही सुरू झालं तर तिच्याकडे येण्यात मजा राहत नाही. म्हणून रंगाचा प्रवास समेवर संपला पाहिजे. ताईंनी मुखडा (बंदिशीचा समेकडे नेणारा तुकडा) उचलला की कळ दाबायची, तिथून रंग मूळ जागी परतू लागतो आणि समेला पोचतो. मुखड्याची लांबी बंदिशीप्रमाणे ठरलेली, लयीप्रमाणे कमी-जास्त. तेवढं गणित सॉफ्टवेअर करतं. 'माझ्या आधी काही हलायला नको' ही अटही पाळली जाते, कारण मुखडा उचलण्याचा निर्णय त्यांचा.

कधीकधी ताई मुखडा उचलल्यासारखं करतात आणि पुन्हा आलापात शिरतात. तेव्हा कळ दाबणाऱ्याची फजिती. दुसरी कळ दिली: 'परत जा'.

२४ फेब्रुवारी

रंगनिवड. नेहमीच्या छटा-संपृक्तता-तेज या मांडणीत काम करणं सोडलं. तिच्यात आकड्याने सारखं तेज असलेला पिवळा डोळ्याला लख्ख दिसतो आणि निळा अंधारा, त्यामुळे एका रंगातून दुसऱ्यात जाताना मधेच उजेडाचे खड्डे पडतात. २०२० मध्ये ब्यॉर्न ओटोसनने मांडलेली ओकेलॅब पद्धत घेतली. तिथे तेजाचा आकडा डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाच्या बराच जवळ जातो.

मारवा: तांबं, त्यावर राख. केशरी होऊ द्यायचा नाही, केशरी झाला की सूर्यास्त मागच्या दाराने आत येतो. पूरिया: पारवा, खाली निळसर-काळा. सोहनी: फिकट, जवळजवळ पांढरं सोनं. जागाही ठरल्या. उंच स्वर उंच आणि उजळ वाटणं, खालचे खाली आणि गडद वाटणं, ही जोडणी बहुतेकांच्या मनात असते, ती वापरायची. पूरियाचं क्षेत्र पडद्याच्या तळाशी, मारव्याचं मध्यावर, सोहनीचं वरच्या कडेला पातळ.

मारव्यातून पूरियात जायचा रस्ता डोळ्यानेच काढून दिला. उजेड कमी होत गेला की लाल रंग आधी काळवंडतो आणि निळे टिकतात, पुर्किन्ये परिणाम. सॉफ्टवेअरमध्ये तांबं आणि निळा दोन्ही सारख्या प्रमाणात मंद केले, तरी पाहणाऱ्याला तांबं विझताना आणि निळा उरताना दिसतो. दोन रागांमध्ये वेगळा दृश्य-बदल करायची गरजच उरली नाही. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, म्हणून मारव्याच्या उत्तरार्धापासूनच एकंदर उजेड उतरवायला लागायचं.

दिव्यांच्या बाजूला अडचण आहे. आठ बिटांत २५६ पायऱ्या, आणि अगदी मंद उजेडात त्या पायऱ्या मोजता येतील इतक्या ठळक दिसतात. पूरियाच्या आलापात दिवा जिना उतरल्यासारखा उतरतो. डीएमएक्सच्या (दिव्यांना आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीच्या) दोन वाहिन्या जोडून १६ बिटांवर नेता येतील असेच दिवे घ्यायचे, निम्मे कमी मिळाले तरी चालतील. प्रोजेक्टरचा काळा तर कधीच काळा नसतो. पूर्ण अंधार हवा तिथे भिंगापुढे झडप.

२ मार्च

सोहनीच्या द्रुत तानांना पडद्यावर काहीतरी चमकायला हवं, अशी सूचना आली. नाही. तानेत सेकंदाला आठ-दहा स्वर सहज जातात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उजेड-अंधार झाला तर काही लोकांना अपस्माराचा झटका येऊ शकतो, लाल चमकेचा धोका आणखी. सुरक्षेची मर्यादा सॉफ्टवेअरच्या शेवटच्या पायरीवर घातली आहे, कुणीही काहीही पाठवलं तरी ती ओलांडता येणार नाही.

धोका नसता तरी नाहीच म्हटलं असतं.

९ मार्च

थोड्या श्रोत्यांना बोलावून चाचणी. काही गाणं ऐकणारे, काही प्रथमच. 'आवडलं का' हा प्रश्न बाद, त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं एवढंच: कुठे काय झाल्यासारखं वाटलं?

तुलनेसाठी मुद्दाम एक भरगच्च आवृत्तीही ठेवली होती, जिच्यात स्वराबरोबर आकार उमटतात. ती पाहणाऱ्यांनी उत्साहाने सांगितलं, आणि जे सांगितलं ते सगळं पडद्याबद्दल. ठिपके, रेषा, 'ते गोल फुटलं तेव्हा'. बंदिशीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. संथ आवृत्ती पाहणाऱ्यांचं बोलणं अडखळत झालं, पण ते गाण्याबद्दल होतं. 'खूप वेळ काहीतरी अडकलं होतं आणि मग मोकळं झालं.' राग माहीत नसलेल्या माणसाने षड्जाचं अचूक वर्णन केलं. रंग कधी बदलला ते त्याला सांगता आलं नाही.

ज्यांचं गाणं चांगलं तयार आहे अशा दोघांना मात्र संथ आवृत्तीचाही अडथळा वाटला. त्यांचं म्हणणं नोंदवतो आहे, खोडून काढत नाही. ज्याच्या कानात षड्जाची ओढ आधीच पक्की आहे त्याला ती डोळ्यांनी पुन्हा दाखवायची गरज नसेल.

१० मार्च

कालचं चित्रण पाहताना एक गोष्ट ठळक दिसली. आलापात निम्मे लोक डोळे मिटून बसले आहेत. अर्थातच. शास्त्रीय गाणं ऐकणारा माणूस रंगला की डोळे मिटतो, आणि आम्ही महिनाभर पडदा सजवतोय.

मैत्रिणीने याचा आनंद मानला. तिचा युक्तिवाद: मिटलेली पापणी पूर्ण अंधार करत नाही, तिच्यातून उजेड झिरपतो, आणि झिरपतो तो मुख्यतः लाल टोकाकडचा. म्हणजे मारव्याचं तांबं मिटल्या डोळ्यांनाही जाणवतं, फक्त पडद्यापेक्षा बाजूच्या दिव्यांमधून यायला हवं, कारण दिशा आणि आकार पापणीआड हरवतात, उजेडाची चढउतार तेवढी उरते. पूरियाचा निळा पापणीपाशीच अडतो, तिथे मिटल्या डोळ्यांना खरा अंधार मिळेल. आम्ही स्वतःवर करून पाहिलं, जाणवतं.

दुसरं असं की डोळे मिटणारा माणूस मधूनमधून उघडतो. उघडे ठेवून बसणाऱ्याला सावकाश बदल दिसत नाही, पण पाच मिनिटांनी डोळे उघडणाऱ्याला पडदा कुठल्या कुठे गेलेला दिसतो. प्रत्येकाला हा धक्का आपापल्या वेळी बसणार. म्हणून पडद्यावर कोणत्याही क्षणी 'मधलीच अवस्था' वाटेल असं काही दिसता कामा नये. कुठल्याही सेकंदाला पाहिलं तरी ते पूर्ण दिसलं पाहिजे. दोन रंगांच्या संगमावर जो मळकट पट्टा दिसत होता तो आज काढून टाकला.

१५ मार्च

थॉमस विल्फ्रेड या माणसाने १९२२ मध्ये क्लॅव्हिलक्स नावाचं प्रकाशवाद्य लोकांपुढे वाजवलं. त्याची कला स्वतंत्र होती आणि ती बहुधा संपूर्ण शांततेत सादर होई. संगीताला रंगाचे तक्ते जोडण्याच्या तो विरोधात होता. सादरीकरणाच्या आठवड्यात हे वाचायला नको होतं असं मैत्रीण म्हणाली. मला उलट हुरूप आला. प्रकाश शांततेत एकटा उभा राहू शकतो, तर गाणंही प्रकाशाशिवाय उभं राहतं हे आपण रोजच पाहतो. दोघं एकत्र येताना प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागणार, आणि इथे सोडायचं आहे ते पडद्याने.

त्या धोरणाने सोहनीच्या मध्यापासून पडदा बंद. झडप लावायची, फक्त दिव्यांचा स्थिर फिकट उजेड, ताईंचा चेहरा आणि हात स्पष्ट दिसतील इतका. द्रुत गाताना गायकाचा हात जी रेघ हवेत काढतो ती आमच्या कुठल्याही क्षेत्रापेक्षा बोलकी आहे.

२२ मार्च

सादरीकरण झालं. तहान, सम, झडप, सगळं वेळेवर. पूरियाच्या आलापात मागून कुणीतरी मोबाइल उघडला आणि त्या एका चौकोनाने सबंध पारवा धुऊन टाकला. पुढच्या वेळी सूचना द्यायची, आणि फक्त पूरियाच्या आधी द्यायची.

ताईंना विचारलं, पाठीमागे काही चाललंय याचा त्रास झाला का. "मारव्यात एकदा सा लावायचा होता, लावला नाही. थोडं आणखी ताणता येईल असं वाटलं." पडद्याकडे त्यांची पाठ होती, पण समोरच्या लोकांच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड त्यांना दिसत होता.

२७ मार्च

पुढचं सादरीकरण सतारीबरोबर, पुन्हा मारवा घेऊन. तिथे तहान आहे तशी चालणार नाही. चिकारीच्या तारा (लयीसाठी छेडायच्या बाजूच्या तारा) षड्ज देतच राहतात आणि सॉफ्टवेअर त्यांच्या दर आघातामागे तहान शून्यावर आणेल. बाजाची (मुख्य) तार वेगळी पकडावी लागेल. पुलाजवळ स्पर्श-मायक्रोफोन लावून चिकारी गाळता येते का ते आधी बघायचं. तरफांचा (आपोआप गुंजणाऱ्या खालच्या तारांचा) झंकार दुसरी अडचण. मींड मात्र गळ्यापेक्षा सोपी जाईल, सतारीच्या एका पडद्यावर ओढलेली तार सलग मोजता येते.

दिवे तेच. प्रोजेक्टर नको, असं मैत्रिणीचं मत. मी अजून ठरवलेलं नाही.